डॉक्टर येण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी आमच्या एका क्लायंटच्या डेटाबेस सर्व्हरची डिस्क गेली. मी पुण्यातून आणि माझा एक सहकारी मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेमधून, असे दोघं त्या सर्व्हरची राखण करायचो. पहाटेपर्यंत झटून आम्ही ते प्रकरण निस्तरलं आणि मग नेहमीप्रमाणे रिपोर्ट लिहिला. अर्धा त्याने, अर्धा मी. इंग्रजीत, अर्थातच.

दुसऱ्या दिवशी क्लायंटकडच्या बाईंचं मेल. एकूण दोनच प्रश्न, पण दुसरा वाचून माझी झोप उडाली. पहिला प्रश्न माझ्या सहकाऱ्याला होता. त्याने लिहिलं होतं, ‘द बॅकअप वॉज रनिंग फॉर सिक्स अवर्स व्हेन द डिस्क फेल्ड.’ बाईंनी विचारलं होतं, म्हणजे नक्की काय? बॅकअप सहा तासांचा होता की डिस्क जाईपर्यंत सहा तास झाले होते? दुसरा प्रश्न मला. मी लिहिलं होतं, ‘डिस्क फेल्ड ॲट टू टेन. आय हॅड रीस्टार्टेड द सर्व्हर अँड चेक्ड द लॉग्ज.’ बाईंचा प्रश्न: बॅकअप चालू असताना तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट का केलात?

मी कुठे केला होता? मी तो डिस्क गेल्यानंतर पंधरा मिनिटांनी केला होता! आणि नेमकं तेच तर मी लिहिलं होतं. म्हणजे मला तसं वाटत होतं. पण त्या एका ‘हॅड’मुळे माझा रीस्टार्ट डिस्क जाण्याच्या मागे जाऊन बसला आणि मी आरोपीच्या पिंजऱ्यात. वेळेचे लॉग्ज होते म्हणून वाचलो. नाहीतर एका साहाय्यक क्रियापदापायी नोकरीवर गदा यायची वेळ होती.

गंमत बघा. माझ्याकडे एक ‘हॅड’ जास्त झाला होता आणि त्याच्याकडे एक कमी पडला होता. दोघांनी मिळून हिशेब बरोबर ठेवला होता म्हणायचा.

माझी चूक कुठून आली हे मला लगेच कळलं. आपण मराठीत ‘मी काल दादरला गेलो होतो’ असं सहज म्हणतो. त्यात दुसरी कुठलीही घटना नसते. ‘गेलो होतो’ म्हणजे गेलो, आलो, विषय संपला. ‘मी सर्व्हर रीस्टार्ट केला होता’ हे वाक्य मराठीत अगदी निरपराध आहे. ते तसंच्या तसं उचलून इंग्रजीत ठेवलं की त्यात ‘कशाच्या तरी आधी’ असा एक काटा उगवतो. मुंबई-पुण्याच्या कुठल्याही हापिसातली मेलं उघडून बघा, ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टरडे’ हमखास सापडेल.

आणि शाळेत आपल्याला शिकवलं काय होतं? तो रोगी आठवत असेल तुम्हाला. डॉक्टर येण्यापूर्वी मेलेला. भारतातल्या किती पिढ्यांनी त्या रोग्याला मारलं असेल देव जाणे. ‘द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.’ नियम सोपा: भूतकाळात दोन घटना असल्या की आधीचीला ‘हॅड’ लावायचा. आता खरं सांगायचं तर याच वाक्यात ‘हॅड’ नसता तरी काहीही बिघडत नव्हतं. ‘बिफोर’ तिथे धडधडीत बसलेला आहे, क्रम त्यानेच सांगून टाकला. ‘द पेशंट डाइड बिफोर द डॉक्टर केम’ हे चोख इंग्रजी आहे. म्हणजे जिथे त्याची फारशी गरज नाही अशा ठिकाणी आपल्याला ‘हॅड’ शिकवला गेला, आणि जिथे त्याच्यावाचून अर्थ पालटतो तिथला शिकवायचा राहून गेला. ‘डॉक्टर आले तेव्हा रोगी मेला’ आणि ‘डॉक्टर आले तेव्हा रोगी मेला होता’. इथे मात्र सगळा फरक ‘होता’मध्ये आहे. पहिल्या वाक्यात डॉक्टरवर संशय घ्यायला जागा आहे.

असो. तर आम्ही दोघं फोनवर या मेलवरून हसत होतो (नंतर हसू येतंच), तेव्हा माझा सहकारी म्हणाला, ‘तुझा रीस्टार्ट अंतेकोप्रेतेरितोत गेला आणि माझा बॅकअप कोप्रेतेरितोतच राहिला.’ मी म्हटलं, काय काय? तो म्हणाला, आमच्याकडे शाळेत काळांची हीच नावं शिकवतात. अंते म्हणजे आधी, को म्हणजे सोबत, प्रेतेरितो म्हणजे भूतकाळ. मला ती नावं इतकी आवडली की ती ठेवली कोणी हे शोधत बसलो. तो शोध जो लागला तो एका इंग्रजी शिकणाऱ्या माणसापाशीच येऊन थांबला. मातृभाषा स्पॅनिश, राहणार काराकस, नाव आंद्रेस बेयो. (स्पेलिंगमध्ये दोन एल आहेत, पण उच्चारात त्यांचा य होतो.)

त्याच्याकडे वळण्याआधी थोडं मागे. या काळाचं युरोपातलं नाव मुळात लॅटिन, ‘प्लुस्क्वामपेर्फेक्तुम’. शब्दशः अर्थ ‘पूर्णाहून अधिक’. पूर्णाहून अधिक म्हणजे काय हे विचारू नका. ग्रीक व्याकरणकारांचं नाव रोमनांनी उचललं आणि रोमनांचं सगळ्या युरोपाने. १४९२ साली आंतोनिओ दे नेब्रिहा या पंडिताने सालामांका इथे स्पॅनिश भाषेचं पहिलं छापील व्याकरण काढलं आणि इसाबेल राणीला अर्पण केलं. कोलंबस समुद्रात होता त्याच ऑगस्ट महिन्यात. नेब्रिहाने ते लॅटिन नाव स्पॅनिशमध्ये आणलं, ‘पासादो मास के आकाबादो’, म्हणजे ‘संपलेल्यापेक्षा जास्त संपलेला’. या नावावरून कुठल्याही शिकणाऱ्याला काडीचाही बोध होत नाही. संपलेलं ते संपलेलं, त्यात जास्त काय संपणार? पण चौकट लॅटिनची होती आणि लॅटिनची चौकट म्हणजे व्याकरणाची चौकट, असं पुढची साडेतीनशे वर्षं बहुतेक सगळ्यांनी धरून चाललं.

बेयोचा जन्म १७८१ चा, काराकसचा. त्या वेळी व्हेनेझुएला ही स्पेनची वसाहत होती. हा मुलगा लॅटिनमध्ये हुशार. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी तो अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टबरोबर काराकसजवळचा डोंगर चढायला निघाला होता आणि अर्ध्यातून परतला. प्रकृती तोळामासा. स्वतःहून थोडासाच लहान असलेल्या एका श्रीमंत मुलाला त्याने काही काळ शिकवलं, त्याचं नाव सिमोन बोलिव्हार. १८०२ मध्ये तो सरकारी कचेरीत चिकटला. आणि कोणी शिकवणारं नसताना, एक कोश आणि एक व्याकरण घेऊन तो इंग्रजी शिकला. वाचायला काय, तर जॉन लॉकचा मानवी बुद्धीवरचा निबंध! मी इंग्रजी शिकताना चांदोबाच्या इंग्रजी आवृत्तीवर होतो, आणि हा गडी लॉकवर. त्याचा चरित्रकार मिगेल लुईस आमुनातेगी हे सांगतो, आणि आमुनातेगी त्याला म्हातारपणी प्रत्यक्ष ओळखत होता.

तर १८०८ सालचा जुलै महिना. शेजारचं त्रिनिदाद बेट अकरा वर्षांपूर्वी इंग्रजांनी स्पेनकडून घेतलं होतं. तिथून लंडनच्या ‘टाइम्स’चे काही जुने अंक काराकसच्या कारभाऱ्यांकडे आले. कारभारी हुआन दे कासास यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी ते कागद बेयोकडे भाषांतराला दिले. बेयोने आधी ते तसेच ठेवून दिले, कामं पडलेली असणार. मग वाचायला घेतले आणि हादरला. स्पेनचं राजघराणं संपलं होतं.

काय घडलं होतं ते नीट क्रमाने सांगतो, कारण या गोष्टीत क्रमच सगळं काही आहे. १९ मार्च १८०८ ला चौथ्या कार्लोस राजाने गादी सोडली आणि त्याचा मुलगा सातवा फर्डिनांड राजा झाला. नेपोलियनने बाप-लेक दोघांनाही फ्रान्समध्ये बायोन इथे बोलावून घेतलं आणि लेकाला दमात घेतलं, की मुकुट बापाला परत कर. ६ मे रोजी फर्डिनांडने मुकुट बापाला परत दिला. पण बापाने तो आदल्याच दिवशी, ५ मे ला, नेपोलियनला देऊन टाकला होता.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. ‘फर्डिनांडने मुकुट बापाला दिला आणि बापाने तो नेपोलियनला दिला’ असं लिहिलं तर ते एक सरळ हस्तांतर आहे, सातबाऱ्यावर नाव चढावं तसं. ‘दिला तेव्हा बापाने तो देऊन टाकला होता’ असं लिहिलं की तीच घटना फसवणूक होते. जो मुकुट हातात यायचा होता तो येण्याआधीच विकलेला. इंग्रजीत हे सगळं ‘हॅड गिव्हन’ या दोन शब्दांवर तोललेलं आहे. स्पॅनिशमध्ये ‘अबीया दादो’वर. पुढे अमेरिका खंडातल्या वसाहतींनी जी बाजू मांडली ती अशीच होती: बायोनमधला व्यवहार मुळातच खोटा, आमचा राजा कैदेत, त्याच्या जागी बसवलेल्या नेपोलियनच्या भावाला आम्ही बांधील नाही, आणि राजाच नसेल तर सत्ता लोकांकडे परत येते. सबंध खंडाचं स्वातंत्र्य अशा ‘आधी काय, नंतर काय’च्या वादातून सुरू झालं.

कासास यांचा त्या बातमीवर विश्वास बसेना. इंग्रज शत्रू, त्यांची वर्तमानपत्रं थापा मारतात, असं म्हणून त्यांनी ती गोष्ट दाबली. १५ जुलैला फ्रेंच अधिकारी ला ग्वायरा बंदरात येऊन थडकले, नव्या राजाला मान्यता द्या म्हणून. त्यांच्या मागोमाग ब्रिटिश फ्रिगेट आली, देऊ नका म्हणून. गावात दंगा उसळला. म्हणजे सव्वीस वर्षांच्या त्या कारकुनाने कोश उघडून लावलेला अर्थ बरोबर होता. त्याच वर्षी त्रिनिदादहूनच काराकसमध्ये पहिला छापखाना आला, ‘गासेता दे काराकस’ सुरू झालं आणि त्याचं संपादन बेयोकडे आलं.

काळांवरचं त्याचं चिंतनही याच सुमाराचं. ते पुस्तकरूपाने छापलं गेलं १८४१ मध्ये, चिलीतल्या व्हालपाराईसोला. पण प्रस्तावनेत तो सांगतो की हे तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी लिहिलेलं आहे. म्हणजे काराकसमध्येच, इंग्रजी बातम्या उलथवत होता त्या दिवसांत. या दोन गोष्टींचा संबंध मी लावतोय, त्याने कुठे लावलेला नाही. पण एकाच भाषेत राहणाऱ्याला काळ दिसत नाहीत, मासोळीला पाणी दिसत नाही तसे, एवढं माझं मत आहे.

त्याने केलं ते असं. ‘पूर्णाहून अधिक’ वगैरे नावं त्याने काढून टाकली. म्हणाला, काळ म्हणजे फक्त तीन नाती: आधी, सोबत, नंतर. अंते, को, पोस. ‘कांते’, मी गायलो, हा नुसता भूत. ‘कांताबा’, मी गात होतो, हा सहभूत, कारण गाणं भूतकाळातल्या दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीच्या सोबतीने चाललं होतं, म्हणजे तू आलास तेव्हा. आणि ‘अबीया कांतादो’, मी गायलो होतो? त्यातला ‘अबीया’ हा स्वतः सहभूत आहे, तू आलास त्याच्या सोबतीने उभा आहे. गाणं त्याच्याही आधी. म्हणून पूर्व-सह-भूत, अंतेकोप्रेतेरितो. (आपल्या भाषेत भुताटकीसारखं वाटतं खरं.) साहाय्यक क्रियापदाचा काळ बघायचा आणि त्याला ‘अंते’ जोडायचा, झालं नाव तयार. नाव वाचलं की अर्थ उलगडतो, पाठ करायला नको.

स्पॅनिशमध्ये आणखी एक रूप आहे, ‘उबे कांतादो’. तेही इंग्रजीत ‘आय हॅड संग’च. यात साहाय्यक नुसता भूत, म्हणून हा अंतेप्रेतेरितो: गाणं संपलं आणि लगेच पुढचं घडलं. हे रूप आज बोलण्यातून गेलेलं आहे, पुस्तकात कधीतरी भेटतं.

आणि इथे स्पॅनिशवाल्याची खरी गोची आहे. त्याच्या व्याकरणात या जागी दोन खण आहेत, इंग्रजीतही दोन आहेत, पण भिंत वेगळ्या ठिकाणी घातलेली आहे. त्याची भिंत ‘लगेच आधी’ आणि ‘आधी’ यांच्यामध्ये. इंग्रजीची ‘हॅड डन’ आणि ‘हॅड बीन डूइंग’ यांच्यामध्ये, म्हणजे झालेलं काम आणि चाललेलं काम यांच्यामध्ये. बरं, ‘हॅड बीन डूइंग’सारखं रूप त्याच्याकडे नाहीच असंही नाही. ‘अबीया एस्तादो कांतांदो’ म्हणता येतं. पण किती काळ चाललं होतं ते सांगायचं असेल तर तो सहसा तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘येबाबा दोस आन्योस बिबियेंदो आयी’. ‘येबार’ म्हणजे वाहणं, नेणं. तिथे राहण्याची दोन वर्षं मी वाहत होतो, पाठीवर बोचकं असावं तशी. सुंदर आहे, पण त्यातला काळ साधा सहभूत. तो त्या क्षणी उभा राहतो आणि पाठीवरची दोन वर्षं दाखवतो. मागे वळून बघत नाही. म्हणून त्याच्या हातून ‘आय वॉज लिव्हिंग देअर फॉर टू इयर्स व्हेन...’ असं उतरतं. माझ्या सहकाऱ्याचा बॅकअप असाच सहा तास ‘वॉज रनिंग’ राहिला.

आपणही या बाबतीत त्याच्याच पंक्तीला बसणारे. ‘युद्ध सुरू झालं तेव्हा मी तिथे दोन वर्षं राहत होतो’, मराठीत चालतं. ‘मला तिथे राहून दोन वर्षं झाली होती’ हे जास्त मराठमोळं, पण तिथेसुद्धा ‘होती’ वर्षांना लागतो, राहण्याला नाही! इंग्रज मात्र म्हणतो, त्या क्षणापर्यंतची लांबी मोजायची असेल तर मागे वळलंच पाहिजे, ‘हॅड’ लागलाच पाहिजे. लांबी सांगायची नसेल तर ‘वॉज लिव्हिंग’ बेलाशक चालेल. स्पॅनिशवाल्याने (आणि आपणही) लक्षात ठेवायची खूण हीच. ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ आला आणि मोजणी भूतकाळातल्या एका क्षणाशी थांबली, की ‘वॉज’ सोडून ‘हॅड बीन’कडे जायचं.

‘हॅड’ ठरल्यावर मग पुढचा प्रश्न, डन की बीन डूइंग. त्यासाठी बेयोचंच आयुष्य घेऊ. १८१० च्या एप्रिलमध्ये काराकसने स्वतःचं सरकार स्थापलं आणि इंग्लंडची मदत मागायला तिघांना लंडनला पाठवलं. बोलिव्हार, लोपेस मेंदेस आणि सचिव म्हणून इंग्रजी येणारा बेयो. फ्रान्सिस्को दे मिरांडाच्या घरी त्याने मुक्काम केला आणि त्याच्या ग्रंथसंग्रहात बसून ग्रीक शिकला. सप्टेंबरात बोलिव्हार परतला. बेयो राहिला, काही महिन्यांसाठी म्हणून. १८१२ मध्ये व्हेनेझुएलातलं सरकारच कोसळलं, पगार बंद. मग शिकवण्या, जेम्स मिलसाठी जेरेमी बेंथमची न वाचता येणारी हस्तलिखितं लावून देणं, असं काय काय करत दिवस काढले. इंग्रज मुलीशी लग्न केलं, १८२१ मध्ये ती वारली. तीन वर्षांनी दुसरं लग्न, पुन्हा इंग्रज मुलीशीच. फावल्या वेळात ब्रिटिश म्युझियममध्ये बसून ‘एल सिद’ या मध्ययुगीन काव्याचा अभ्यास.

१८२९ मध्ये तो चिलीला निघाला. त्या क्षणी उभे राहा आणि मागे बघा. ‘ही हॅड बीन लिव्हिंग इन लंडन फॉर नाइन्टीन इयर्स’: चाललेलं, लांबी असलेलं. ‘ही हॅड मॅरीड ट्वाइस’: झालेलं, मोजता येणारं. ‘हॅड बीन मॅरीइंग ट्वाइस’ म्हटलंत तर पोलीस येतील. ‘ही हॅड बीन वर्किंग ऑन एल सिद फॉर इयर्स’: काम चालू, पुरं झालेलं नाही. आणि खरंच ते त्याच्या हयातीत पुरं झालं नाही, छापलं गेलं ते मृत्यूनंतर. ‘ही हॅड वर्क्ड ऑन इट’ म्हटलं असतं तर काम मिटल्यासारखं वाटलं असतं. आणि ‘ही हॅड नोन बोलिव्हार सिन्स देअर यूथ’. इथे लांबी असूनही ‘हॅड बीन नोइंग’ नाही, कारण इंग्रजीच्या लेखी ओळख असणं ही क्रिया नाही, अवस्था आहे. आपल्याकडचे लोक ‘आय ॲम नोइंग’ म्हणतात त्यांनी इथे जपून.

या सगळ्यात मला जे कळलं ते एवढंच, की शाळेतला ‘दोन घटना’वाला नियम चुकीच्या जागी बोट ठेवतो. प्रश्न घटना किती याचा नाहीच. सांगणारा कुठे उभा आहे याचा आहे. भूतकाळात एक जागा पकडून तिथून आणखी मागे बघत असेल तर ‘हॅड’. घटनांच्या बरोबरीने पुढे चालत असेल तर मग घटना दोन असोत की वीस, साधा भूत. माझ्या रिपोर्टमध्ये मी घटनांबरोबर पुढे चालत होतो आणि मध्येच एक ‘हॅड’ टाकून वाचणाऱ्या बाईंना उगाच मागे वळवलं. त्यांनी वळून बघितलं तर मी सर्व्हरचं बटण दाबताना दिसलो.

ही ‘उभं राहण्याची जागा’ पुढे फार गाजली. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सनने १९२४ मध्ये ‘भूताच्या आधीचा भूत’ अशी मांडणी केली. १९४७ मध्ये हान्स रायशेनबाखने, जो नाझींमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलमार्गे कॅलिफोर्नियात पोचलेला तत्त्वज्ञ, तर्कशास्त्राच्या पुस्तकात तीन बिंदू मांडले: बोलण्याचा, घटनेचा आणि जिथून बघायचं तो. आज काळांवरचं कुठलंही पुस्तक रायशेनबाखपासून सुरू होतं. बेयोने शंभर वर्षं आधी ‘को’ या दोन अक्षरांत तो तिसरा बिंदू ठेवलेला होता. पण तो स्पॅनिशमध्ये आणि तेही चिलीत छापलेला, कोण वाचतो!

त्याचं मोठं व्याकरण १८४७ मध्ये सान्तियागोला आलं. प्रस्तावनेत तो स्पष्ट म्हणतो की हे स्पेनमधल्यांसाठी नाही, माझ्या अमेरिकेतल्या भावंडांसाठी आहे. त्याला भीती होती की लॅटिनच्या जशा चार-पाच भाषा झाल्या तशी स्पॅनिशची शकलं होतील, देशागणिक. आणि स्पॅनिशला लॅटिनच्या साच्यात कोंबायला त्याचा विरोध होता. तिचे काळ तिच्यातूनच शोधायचे. राज्य गेलं तरी साचा मागे राहतो, हे त्याने ओळखलं होतं.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ चं, म्हणजे बेयोच्या छापील पुस्तकांच्या आधीचं. दादोबांचं वय तेव्हा बावीस. त्यांनी इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवली, आणि पुढच्या आवृत्त्यांत ते खूप वाढवलं. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही, त्या वयात मी काय करत होतो ते मला माहीत आहे. पण ‘गेलो होतो’ला आपण पूर्ण भूतकाळ म्हणालो आणि ‘हॅड गॉन’लाही पूर्ण भूतकाळच म्हणालो. दोघांना एकच पाटी लावली म्हणून ते एकच, असं माझ्यासारख्या पोरांना वाटलं. माझ्या रिपोर्टातल्या चुकीची मुळं बहुधा तिथपर्यंत जातात.

बेयोच्या सूचना सगळ्यांनी मानल्या असंही नाही. लॅटिनमधलं जुनं एका शब्दाचं रूप, ‘आमावेराम’, स्पॅनिशमध्ये ‘आमारा’ झालं आणि अर्थ बदलून संकेतार्थाकडे गेलं. काही लेखक ते पुन्हा जुन्या अर्थाने वापरायचे. बेयोने त्यांना झापलं. आजही स्पॅनिश वर्तमानपत्रं ते खुशाल वापरतात. (पोर्तुगीजमध्ये ते पुस्तकी भाषेत रीतसर टिकून आहे. गोव्यात पोर्तुगीज शिकलेली मंडळी असतील तर त्यांना हा ‘फालारा’, ‘कोमेरा’चा तक्ता आठवेल.) आणि बोलिव्हियात तर ‘अबीया’ने भलताच मार्ग धरला. आयमारा आणि केचुआ भाषांच्या शेजारात राहून तिथे त्याला ‘मी स्वतः पाहिलेलं नाही, कळलं ते असं’ असा अर्थ चिकटला. अचानक काही लक्षात आलं तरी ते ‘अबीया सीदो’ म्हणतात. आपण ‘अरे, तू इथे होतास होय!’ म्हणतो ना, तसं. बेयोच्या तक्त्यात याला खण नाही. त्याला आवडलं असतं की त्याने यालाही झापलं असतं, सांगता येत नाही.

बेयो १८६५ मध्ये सान्तियागोत वारला. चिलीच्या विद्यापीठाचा तो पहिला रेक्टर, देशाच्या दिवाणी कायद्याचा कर्ता. १८१० मध्ये काही महिन्यांसाठी सोडलेलं काराकस त्याला परत दिसलं नाही. त्याचं हे ‘अंतेको’ मात्र फिरत फिरत मेक्सिकोच्या शाळांत पोचलं. स्पेनमध्ये अजून ‘प्लुस्कुआमपेर्फेक्तो’च चालतं.

रिपोर्टचं काय झालं ते सांगायचं राहिलंच. आम्ही दोघांनी दुरुस्त प्रत पाठवली. त्याने ‘द बॅकअप हॅड बीन रनिंग फॉर सिक्स अवर्स’ केलं. मी ‘हॅड’ काढून टाकला आणि वर ‘ॲट टू ट्वेन्टीफाइव्ह’ अशी वेळ घातली. बाईंचं उत्तर एका शब्दाचं आलं, थँक्स. त्यानंतर काही दिवस मी इतका धास्तावलो होतो की कुठल्याच मेलमध्ये ‘हॅड’ लिहीत नव्हतो. मग एकदा त्याने फोन करून विचारलं, ‘मी लॉगिन केलं तेव्हा तू सर्व्हिस बंद केलीस, की बंद केली होतीस?’